दोघांची पार्टी

अण्णा, आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक नवराबायको राहतात आणि त्या दोघांचा मिळून एक बँड आहे. दोघांचाच. तो गिटार वाजवतो आणि गातो, ती ड्रम वाजवते, तिसरं कोणी नाही. हे तुम्हाला का सांगतेय ते सांगायला जरा वेळ लागेल. पण तुम्हाला तरी आता कुठं जायचंय.

तुम्ही गेलात तेव्हा मला पुण्यात नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. आता मी जर्मनीत राहते, र्युसेल्सहाइम नावाच्या गावात. माइन नदीच्या काठी आहे. गाड्यांचा मोठा कारखाना आहे आणि त्याच्यावर गाव चालतं, आपलं इचलकरंजी यंत्रमागांवर चालतं तसं. मी तिथं विजेच्या गाड्यांच्या मोटारींचं काम बघते. म्हणजे वाइंडिंगच, अण्णा, तुमच्यासारखं तार गुंडाळायचं. बारीक तारेऐवजी तांब्याच्या चपट्या पट्ट्या असतात आणि त्या यंत्रच खोबणीत बसवतं, माणसाचा हात लागत नाही. पण गरम मोटार उघडली की वार्निशचा वास येतो, तो तुमच्या दुकानातलाच. पहिल्यांदा इथल्या लॅबमध्ये तो वास आला आणि मी बोलता बोलता थांबले. शेजारचा म्हणाला, "सगळं ठीक?" मी म्हटलं, "या, या." जर्मनमध्ये 'या' म्हणजे 'हो'. इतकी वर्षं झाली तरी कधीकधी मला वाटतं, मी समोरच्याला घरात बोलावतेय.

तुम्हाला एक नात आहे. पंधरा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते. आईला जर्मन मुलं 'मामा' म्हणतात, म्हणून हीही मला मामा म्हणते. आमची आई होती तोवर दर फोनला विचारायची, "मामा कोण आलाय गं तुमच्याकडं?" तुमचे जावई फ्रँकफुर्टला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहेत, शांत माणूस आहे, तुम्हाला आवडले असते आणि तुमच्या बोलण्याचा आवाज त्यांना मोठा वाटला असता.

खालचा माणूस आमच्या इमारतीचा हाउसमाइस्टर आहे. जिन्यातले दिवे, हीटिंग, बर्फ पडला की फावड्यानं वाट मोकळी करणं, हे सगळं त्याच्याकडं. साठी ओलांडलेली, पोट सुटलेलं, पांढरी दाढी. बायको बेकरीत काउंटरवर असते, पहाटे जाते आणि दुपारी येते. इथं प्रत्येक इमारतीची हाउसऑर्डनुंग असते, म्हणजे नियमांचा कागद. दुपारी शांतता, रविवारी दिवसभर शांतता. तो कागद जिन्यात चिकटवणारा हाच माणूस. त्यामुळं ती दोघं फक्त शनिवारी, दुपारची शांतता संपली की तळघरात उतरतात, आणि मग जे काही सुरू होतं त्यानं आमच्या फडताळातल्या वाट्या वाजायला लागतात.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पोळ्या करत होते. आधी ढोलासारखा एकच ठोका, ठाम, पाय आपटल्यासारखा. मग त्यावर गिटार. गिटार म्हटल्यावर मला गोड काहीतरी वाटायचं. ही तशी नव्हती. ती खरखरत होती, ओरडत होती, आणि मधेच एक सूर असा घसरत वर जायचा की जणू कुणीतरी रडता रडता जिना चढतंय. नंतर मी पाहिलं, तो बोटात बाटलीच्या मानेची काच घालतो आणि तारेवरून ओढत नेतो. हे अमेरिकेच्या दक्षिणेकडचं संगीत आहे म्हणे. कापसाच्या शेतातलं, छोट्या चर्चमधलं, दारूच्या गुत्त्यातलं, आणि मग त्याला वीज जोडलेली. गाण्यात फार काही नसतं. बाई सोडून गेली, नदीला पूर आला, देवा मला बघ. तेवढंच तीनतीनदा म्हणायचं, दर वेळी आधीपेक्षा मोठ्यानं. मुलगी खोलीतून बाहेर आली, कानांवर हात ठेवून जर्मनमध्ये ओरडली, "मामा, केवढा आवाज!" मी म्हटलं, "असू दे." माझी पोळी तव्यावर करपली होती. मला वाटत होतं, मी तुमच्या बेंजोच्या टेम्पोत बसलेय.

तुमचा बेंजो इथल्या लोकांना सांगून कळत नाही. बेंजो म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढं कातडं ताणलेलं गोल वाद्य येतं. तुमचा म्हणजे लाकडी पेटी, तिच्यावर तारा, डाव्या हाताला टाइपरायटरसारखी बटणं, उजव्या हातात तेलाच्या डब्यातून कापलेली प्लास्टिकची पट्टी. पेटीत तुम्ही स्वतः गुंडाळलेलं पिकअप, म्हणजे लोहचुंबकाभोवती बारीक तारेची कॉईल, तारेचा थरकाप पकडून तो विजेत बदलणारी. तिथून वायर टेम्पोच्या टपावरच्या दोन कर्ण्यांना. दिवसभर मागांच्या जळालेल्या मोटारी वाइंड करायच्या आणि लग्नाच्या, गणपतीच्या दिवसांत संध्याकाळी बेंजो पार्टी घेऊन वाजवायला निघायचं. आठ जण होतात तुम्ही. मग डीजेच्या भिंती आल्या आणि एकेक जण गळला. ताशेवाले दोघे भाऊ पुण्याला गेले, पॅडवाला डीजेवाल्यांकडंच गेला. शेवटी तुम्ही आणि ढोलवाले काका एवढेच उरलात.

मी सातवीत असतानाची ती विसर्जनाची संध्याकाळ. आपल्या गल्लीच्या मंडळानं ठरवलेला डीजेवाला ऐनवेळी मोठ्या मंडळाकडं पळाला. पोरं तोंडं पाडून दुकानात आली. त्यांतला एक तुम्हाला म्हणाला, "अण्णा, पार्टी हाय का अजून?" तुम्ही हातातली सोल्डरिंग गन खाली ठेवलात. "हाय की. दोघांची हाय." पोरं एकमेकांकडं बघायला लागली. काका तेव्हा मागावर पाळीला होते, त्यांना बोलावून आणलं. अंगावर कापसाचा भुगा तसाच, त्यावरच त्यांनी ढोल गळ्यात अडकवला.

मी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसलेय. चौकात मोठ्या मंडळाची मिरवणूक आडवी येते, डीजेची भिंत माडीएवढी उंच, आणि तुमचा बेंजो त्या आवाजात बुडून जातो. तुम्ही वाजवताय हे फक्त हातावरून कळतंय. गल्लीतली पोरं नाचायची थांबलीत, शरमल्यासारखी झालीत. आणि एकदम त्यांचा जनरेटर बसतो. भिंत मुकी होते, दिवे जातात, सगळा चौक गप्प. त्या शांततेत तुमचा बेंजो एकटा किंचाळतो, आणि काकांचा ढोल. तुमचं सगळं टेम्पोच्या बॅटरीवर होतं ना. तुम्ही मान खाली घालून हनुवटी पेटीवर टेकवलीय, कारण कानांनी तेव्हाच दगा द्यायला सुरुवात केली होती आणि सूर तुम्हाला हाडांतून जास्त कळायचा. दोन्ही मंडळांची माणसं आपल्या टेम्पोभोवती येतात. एक म्हातारी डोक्यावरचा पदर कमरेला खोचते आणि नाचायला लागते. जनरेटर पुन्हा सुरू होईपर्यंतचीच गोष्ट ती, मग भिंत परत बोलायला लागली आणि तुम्ही परत बुडालात. पण घरी येताना काका तुम्हाला म्हणाले, "आठ जण हुतो तवा असं कधी झालं न्हाई." आणि तुम्ही त्यांना म्हणालात, "काय?" कारण तुम्हाला ऐकूच आलं नाही. त्यांना ते तीनदा सांगावं लागलं.

या मार्चमध्ये एका रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. खालचा माणूस उभा होता, हातात गिटार, तान्ह्या मुलाला धरावं तशी. म्हणाला, "माफ करा, रविवार आहे. तुम्ही मोटारींच्या वाइंडिंगचं काम करता ना? तुमच्या मुलीनं माझ्या बायकोला बेकरीत सांगितलं."

"हो, पण गाड्यांच्या मोटारी," मी म्हटलं.

"आल्झो," म्हणजे 'बरं मग', तो म्हणाला, "तार ती तार."

तुमच्या तोंडी शोभलं असतं हे. मी त्याला आत घेतलं, आल्याचा चहा केला. त्यानं गिटार स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. पिकअप मेलं होतं. फ्रँकफुर्टच्या दुकानदारानं सांगितलं होतं, फेकून द्या, नवं बसवा. ते त्याला नको होतं. का, ते सांगायला त्याला बराच वेळ लागला. चहा गार झाला.

गिटार त्याच्या वडिलांची होती. इथं आसपास अमेरिकन सैन्याच्या बराकी असायच्या, तिथं ते होते. अमेरिकेच्या दक्षिणेतून, अलाबामातून आलेले. हा आईच्या पोटात असताना त्यांची बदली झाली. गिटार तिच्याकडं ठेवली आणि म्हणाले, परत येतो.

"आले?" मी विचारलं.

"नाइन. नाही."

आईनं गिटार कपाटावर ठेवून दिली. हा तेरा-चौदा वर्षांचा झाल्यावर त्यानं ती खाली काढली. अमेरिकन सैनिकांसाठी जे रेडिओ स्टेशन लागायचं त्यावर ऐकून ऐकून शिकला. वडिलांच्या मुलखाचं म्हणून तेच संगीत धरलं, दुसरं काही वाजवलं नाही. खूप उशिरा त्यांना शोधायला घेतलं, तेव्हा तिकडची एक सावत्र बहीण सापडली. वडील आदल्याच वर्षी गेले होते.

"मी तिला एकच विचारलं," तो म्हणाला. "तिकडेही वाजवायचे का? ती म्हणाली, वाजवायचे. वाईट वाजवायचे, पण मोठ्यानं." आणि तो हसला. त्याचे डोळे भरले होते, आणि मी फरशीकडं बघत राहिले.

मी मीटर लावला. तार आतून तुटलेली. टोकाशी तुटली असेल तर जोडता येते, म्हणून वरचं आवरण काढलं, तर आत हिरवं पडलेलं. ओल लागून सगळी तार खाल्ली गेली होती. त्याला सांगावं लागलं. म्हटलं, "तुमच्या वडिलांच्या वेळची तार आहे. ती सगळी काढून नवी गुंडाळावी लागेल. मी करू शकेन. पण आवाज तोच येईल असं मला म्हणता येणार नाही."

"लोहचुंबक तेच राहतील?"

"तेच राहतील."

त्यानं कपाची कड अंगठ्यानं पुसली. "काढा," म्हणाला, आणि हीटिंग बघायचंय असं काहीतरी सांगून खाली गेला. हीटिंग व्यवस्थित चालू होतं.

आपल्या स्वयंपाकघरात ते कांडीचं यंत्र होतं, आठवतंय? मागावर आडवं सूत ज्या लाकडी नळीवरून जातं ती कांडी, आणि आई घरी बसून त्या कांड्या भरायची. त्याच यंत्राच्या चाकाला तुम्ही खिळा ठोकून पिकअप अडकवायचात. आई चुलीजवळ, तुम्ही चाक फिरवताय, मी दहा वर्षांची, दोन बोटांच्या चिमटीतून तार सोडतेय. तार केसाहून बारीक. जुन्या रिलेच्या, म्हणजे विजेच्या स्विचच्या, कॉईलमधून तुम्ही ती उकलून काढलेली. मला खेळायला जायचं होतं म्हणून मी जरा ताण दिला आणि तार तुटली. सकाळपासूनचं काम गेलं. तुम्ही माझा हात धरून बाजूला केलात. "तार ओढायची नसती, पोरी! ती येती तशी येऊ द्यायची असती! एवढं बी कळंना व्हय?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आई म्हणाली, "वरडताय कशाला? जवळच बसलीया ती." तुम्ही खरोखर चकित होऊन तिच्याकडं बघितलंत. "मी कुठं वरडलो?" आईला हसू आलं, मग मलाही. तुम्ही काही न कळून आम्हा दोघींकडं बघत राहिलात आणि पुन्हा पहिल्यापासून चाक फिरवायला लागलात, माझी चिमूट तुमच्या हातात धरून.

सांगलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा तुम्ही मला तुमचा मायक्रोमीटर दिलात, तारेची जाडी मोजायचा. म्हणालात, "मला आता त्यावरचं आकडं दिसत न्हाईत. तुला दिसतील." तो इथं माझ्याकडं आहे. ऑफिसात त्याचं काही काम पडत नाही, तिथं लेझरनं मोजतात. गिटारची जुनी तार मी त्यानंच मोजली. तसली तार मागवली. कांडीचं यंत्र इथं कुठून आणणार? शिवणयंत्राला बॉबिन भरायची चकती असते तिच्यावर पिकअप चिकटवलं. जुनी तार उकलायलाच दोन संध्याकाळी गेल्या. हाताला हिरवट भुगा लागत होता. तो मी फेकला नाही, एका डबीत भरून त्याला दिला. त्यानं डबी उघडून बघितली नाही, शर्टाच्या खिशात ठेवली.

नवी तार भरताना शिवणयंत्राच्या पेडलवर तुमची नात बसली होती. तिला आधी कंटाळा आला होता, मग मजा वाटायला लागली आणि तिनं पाय जोरात दाबला. तार तुटली. तिच्या तोंडून एक जर्मन शिवी निघाली, ती मी ऐकली नाही. आणि माझ्या तोंडून निघालं, "ओढायची नसती! ती येती तशी येऊ द्यायची असती!"

तिनं पेडलवरून पाय काढला. मग जर्मनमध्ये म्हणाली, "मामा, तू हे कसं बोलतेयस? हे कोण बोलतंय?"

तिला तुम्ही भिंतीवरचा फोटो म्हणून माहीत होतात. बुशकोट घातलेला, न हसणारा माणूस. पुढचे दोन तास तार भरता भरता मी तिला सगळं सांगितलं. बेंजो, टेम्पो, म्हातारीचा पदर, पेटीवर टेकवलेली हनुवटी. तिनं पाय हळू दाबला, तार एकदाही तुटली नाही. मूळ कॉईल जिथवर भरली होती ती रेघ मी ओलांडली. वेढे वाढले की आवाज मोठा होतो, जाड होतो, फाटायला लागतो, हे मला माहीत आहे, पुस्तकातूनही आणि तुमच्याकडूनही. तुम्ही कधीच वेळेवर थांबायचा नाहीत. मीही थांबले नाही. कॉईल मेणात बुडवली की ती किंचाळत नाही, तर मी खाली जाऊन त्याला विचारलं, मेण घालू का? तो म्हणाला, "जुनं किंचाळायचं." मी मेण घातलं नाही.

मधे त्याची बायको मनगट दुखावून बसली, मग इस्टर आला, आणि ते पिकअप बसेपर्यंत जून उजाडला. नदीकाठी गावाचा उन्हाळी उत्सव होता, त्यात गावातल्याच बँडसाठी एक छोटं स्टेज. यांचा नंबर रविवारी दुपारी. पिकअप त्यानं त्याच सकाळी बसवलं. रविवार म्हणजे शांतता, आणि नियम लावणारा तोच, त्यामुळं आवाज अगदी बारीक ठेवून तारा लागतात की नाही एवढंच बघितलं. मोठ्यानं ते पहिल्यांदा स्टेजवरच वाजणार होतं. मला रात्रभर झोप लागली नव्हती. माणसानं वडिलांची एकच वस्तू माझ्या हातात दिली होती आणि मी तिच्यात तुमचा हट्ट भरला होता.

आदल्या दिवशी मी काकांना फोन केला होता. काका आहेत, अण्णा. मुलाकडं असतात, गुडघे गेलेत, तुमचा बेंजो त्यांच्याकडंच आहे. तुम्ही गेल्यावर त्यांना डीजेवाल्यांनी बोलावलं होतं, दुसऱ्या पार्टीनं बोलावलं होतं, ते कुणाबरोबर वाजवायला गेले नाहीत. मी म्हटलं, "काका, उद्या इथं दोघांची पार्टी हाय. ऐकणार?" ते म्हणाले, "लाव की."

नातीनं काकांना व्हिडिओ कॉल लावून फोन उंच धरला होता. समोर नदी, बिअरचे ग्लास घेतलेली माणसं, बाबागाड्या. स्टेजवर ती दोघंच. तिनं काठ्या वर धरल्या. त्यानं पहिला सूर छेडला आणि गिटार अशी किंचाळली की पुढच्या रांगेतली एक बाई बाबागाडी घेऊन मागं सरकली. तो थबकला. त्यानं मागं वळून स्पीकरकडं बघितलं, मग गर्दीत मला शोधलं. त्यानं गिटारच्या बटणाला हात घातला, मला वाटलं कमी करतोय. त्यानं ते वाढवलं. बायको ड्रमवरून ओरडली, "काय आहे हे!" आणि हसत हसत तिनं पहिला ठोका दिला.

मग काही विचारू नका. सगळं फाटकं, खरखरीत, धूळ उडवणारं. तो गात होता की ओरडत होता ते कळत नव्हतं, आणि ती त्याला एका श्वासाचीही उसंत देत नव्हती. बाबागाडीवाली बाई परत पुढं आली. बाकांवरची माणसं उठली.

"कोण वाजिवतंय गं?" फोनमधून काका ओरडत होते. कान त्यांचेही गेलेत. नातीनं जर्मनमध्ये काहीतरी सुरू केलं, थांबली, माझ्याकडं बघितलं. मग तिनं फोनमध्ये तोंड घालून ओरडून सांगितलं, "खालचे काका!"

"कुठलं काका?"

"खालचे! घराच्या खाली राहतात!"

"आन् ढोल?"

"त्यांची बायको!"

"बायकू! वा रं वा!" आणि लगेच, "डाव्या हातानं ढिलं मारती! घट मार म्हणावं!"

"आता नाही सांगता येत, आजोबा!"

तिनं त्यांना आजोबा म्हटलं, मी सांगितलं नव्हतं. पुढच्या गाण्याला पडद्यावरून काकांचा चेहरा गेला आणि छताचा पंखा दिसायला लागला. फोन पलंगावर पडला होता. पंख्यामागून आवाज येत होता, काकांनी पत्र्याच्या ट्रंकेवर दोन्ही हातांनी वाजवल्याचा. थोडा उशिरा पोचत होता, तिकडून इकडं यायला जितका वेळ लागतो तितका, त्यामुळं ठेका जुळत नव्हता. नात हसून हसून वाकली होती, पण फोन धरलेला हात तिनं खाली घेतला नाही.

संपल्यावर तो घामानं निथळत आमच्याकडं आला. म्हणाला, "हा तो आवाज नाही."

"मी सांगितलं होतं," मी म्हटलं.

"या, या, तू सांगितलं होतंस." जर्मनमध्येही तुम्ही आणि तू आहे, अण्णा, आणि इथं शेजारी वर्षानुवर्षं एकमेकांना तुम्हीच म्हणतात. त्यानं पहिल्यांदा मला तू म्हटलं. "मग हा कुणाचा आहे?"

मला सांगायचं होतं, पण नातच बोलली, तिच्या भाषेत, जणू सगळ्यांना माहीतच असलेली गोष्ट. "आमच्या आजोबांचा."

मग त्यानं गिटार खांद्यावरून काढली, तिच्या गळ्यात घातली आणि बिअर आणायला गेला. तिला काही वाजवता येत नाही. ती तशीच उभी राहिली, दोन्ही हात लांब धरून, जणू हात लागला तर भाजेल.

त्यानंतर शनिवारचा आवाज इतका वाढला की तिसऱ्या मजल्यावरच्या आजीबाईंनी लेखी तक्रार केली. अशी तक्रार हाउसमाइस्टरकडं द्यायची असते. त्यानं ती नियमाप्रमाणं घेतली, स्वतःलाच समज दिल्याचा कागद जिन्यात लावला, आणि आजीबाईंना केक नेऊन दिला. आता ती दोघं शनिवारी एक तास कमी वाजवतात. नात अधूनमधून खाली जाते. गिटार शिकतेय की ड्रम, ते सांगत नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. तुमच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे, आणि तुम्ही तसेही तिथं नाही. काकांना फोनवर वाचून दाखवावं असं मध्यंतरी मनात आलं होतं. पण आता जे लिहायचंय त्यामुळं तेही करणार नाही.

अण्णा, मला तुमचा आवाज आठवत नाही. बेंजोचा आठवतो, झोपेतून उठवून विचारलं तरी ओळखेन. तुमच्या बोलण्याचा नाही. कुणी कधी टेप केला नाही, आणि मनातून कधी गेला ते माझ्या लक्षातही आलं नाही. तुमची वाक्यं आठवतात, शब्द न् शब्द. पण वर जिथं जिथं तुम्ही बोलला आहात, ते सगळं मला काकांच्या आवाजात ऐकू येत होतं, आणि मी तसंच लिहीत गेले.